गळक्या छताचा हिशेब

धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांतील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. खाली कापडाचे दुकान, पहिल्या मजल्यावर धाकट्या दोन भावांची बिऱ्हाडे आणि सर्वांत वर, गच्चीच्या खाली, थोरले भाऊ व वहिनी. आषाढात पहिला जोराचा पाऊस झाला की वहिनींच्या खोलीत पातेली मांडली जातात. दुकानात गादीवर बसणाऱ्यांना त्याची वार्ता श्रावणात लागते, तीही भिंतीवरून ओल उतरून दोन-चार तागे डागाळले म्हणजे. मग मिस्त्रीला निरोप जातो. तो गच्चीवर एक फेरी मारतो, टाचेने दोन ठिकाणी ठोकून पाहतो आणि म्हणतो, “शेठ, वरून एक हात मारून देतो. पाच वर्षं बघायचं काम नाही.” भाव विचारला जातो, थोडी घासाघीस होते, काम ठरते. ज्या घरात पन्हा, वजन आणि मीटर तपासल्याखेरीज मालाचे बिल स्वीकारले जात नाही, त्या घरात छताचे बिल मात्र एका ओळीचे असते : ‘गच्ची वॉटरप्रूफिंग, एकूण रुपये अमुक’.

ही एक ओळ फार महाग पडते. चौरस फुटाचा भाव म्हणजे छताच्या दुरुस्तीचा खर्च, ही समजूत व्यापारी घरांतही पक्की आहे. वास्तविक तो खर्चाचा एक तुकडा असतो. पाणी कोठून शिरते हे शोधण्यापूर्वी सांगितलेला कोणताही भाव अंदाजपंचेच असणार.

खानदेशाला हा अनुभव नवा नाही. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले, तेव्हा व्यापाऱ्यांनी येथे वस्ती करावी म्हणून घरांसाठी बिनभाड्याने जागा दिल्या आणि पक्की घरे बांधण्यास उचलही दिली. परंतु पुढे पिढ्यान्‌पिढ्या घर राखण्याचा खर्च ज्याचा त्यानेच सोसला. जुन्या धाब्याच्या घरांवर लाकडी सरे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर माती असे. दरवर्षी वैशाखात त्यावर खाऱ्या मातीचा नवा थर पसरला जाई. त्या मातीला पैसे थोडे लागत, म्हणून कोणी तिचा हिशेब ठेवला नाही. पण थरावर थर चढत गेले. नऊ इंच मातीचे वजन दर चौरस मीटरला चारशे किलोच्या आसपास भरते. सरे वाकू लागले, म्हणजे त्या स्वस्त मातीचे बिल एकदम समोर येई. आज धाब्याच्या जागी स्लॅब आला आहे. ‘वरून एक हात’ मारण्याची सवय तेवढी तशीच राहिली.

स्लॅब गळण्यास येथे पावसाइतकेच ऊनही कारण असते. जळगावचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, आणि उघड्या गच्चीचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. हिवाळ्यातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांत स्लॅबच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक धरला, तर दहा मीटर लांबीचा स्लॅब सुमारे पाच मिलिमीटरने आखूड-लांब होतो. कठड्याची भिंत त्याच्याबरोबर तितकी हलत नाही. म्हणून पहिली भेग सहसा स्लॅबच्या मध्यावर न पडता कठड्याच्या बुडाशी पडते. पाणी तेथे शिरते, जुन्या कोब्याखालून वाहत जाते आणि दहा-पंधरा फूट दूर, भलत्याच खोलीत टपकते. ज्या ठिकाणी पातेले ठेवले, नेमके त्याच्यावर गच्चीत सिमेंट ओतणे हा त्यामुळे बहुधा वाया जाणारा खर्च होय.

शोध घेण्याचा पहिला भाग बिनखर्चाचा आहे. छतावरील डाग पावसाळ्यापुरता ओला होतो की चैत्रातही ओला राहतो, हे पाहावे. बारा महिने ओल असेल तर दोष पावसाचा नाही. गच्चीवरील टाकी, तिचा पाइप किंवा वरच्या मजल्याचे न्हाणीघर तपासावे. अशा घरी गच्चीवर लाख रुपये घातले तरी डाग हटणार नाही. पाऊस थांबल्यावर लगेच गळती थांबत असेल तर वाट जवळची आहे. दोन दिवस ठिबकत राहिली तर पाणी कोब्यात साठलेले आहे. खोलीतील प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहावी. थोरल्या वहिनींना हे काम कोणी सांगितले, तर कोणत्याही मिस्त्रीपेक्षा अधिक माहिती त्या देऊ शकतील. पण गच्चीचा निर्णय करताना त्यांना सहसा विचारले जात नाही.

दुसरी परीक्षा पाण्याची. पावसाळी पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर इंचभर पाणी एक-दोन दिवस साठवायचे आणि खाली पाहत राहायचे. हजार चौरस फुटांच्या गच्चीला त्यासाठी सुमारे २,३५० लिटर पाणी लागते. मात्र स्लॅबच्या खालच्या बाजूचे पोपडे पडून गंजलेली सळई दिसत असेल, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर ही परीक्षा करू नये. तेथे प्रश्न पाण्याचा राहिलेला नसून मजबुतीचा झालेला असतो, आणि आधी संरचना अभियंत्याला दाखवावे लागते. त्याची फी अनेकांना जड वाटते. गंजलेल्या सळईवर रंगाचे दोन हात देऊन गेलेले पैसे तेवढे जड वाटत नाहीत, कारण ते चार वर्षांत विभागून जातात.

आता दरपत्रकाकडे वळावे. पंचवीस बाय चाळीस फुटांची गच्ची म्हणजे हजार चौरस फूट. एक ठेकेदार चौरस फुटास ४० रुपये सांगतो, दुसरा १५० रुपये. (आकडे उदाहरणासाठी सोपे घेतले आहेत, बाजारभाव त्या त्या वेळी विचारावा.) पहिल्याचे चाळीस हजार, दुसऱ्याचे दीड लाख. घरात अर्थातच पहिल्याचे नाव निघते. परंतु दोघे एकच काम करणार आहेत का? पहिला जुन्या थरावर रसायनाचे दोन हात देणार आहे. दुसरा जुना कोबा फोडणार, मलबा खाली उतरवून वाहून नेणार, भेगा भरणार, ढाळ नव्याने काढणार, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई देऊन लेप भिंतीवर फूटभर चढवणार. या चढवलेल्या लेपाचेच १३० चौरस फूट होतात, कारण या गच्चीचा घेर १३० फूट आहे. पहिल्याच्या दरात ते धरलेले आहेत की नाहीत, हे विचारल्याशिवाय कळत नाही. काम निम्मे झाल्यावर मात्र ‘ते वेगळं पडेल, शेठ’ हे वाक्य हमखास ऐकू येते. मलबा, पाइपांची तोंडे, पाण्याचा टँकर आणि जीएसटी यांचेही असेच होते.

चाळीस हजारांचा लेप तीन-तीन वर्षांनी द्यावा लागला तर बारा वर्षांत, भाव मुळीच वाढला नाही असे मानूनही, एक लाख साठ हजार होतात. त्यात आतील रंगकाम आणि डागाळलेले तागे धरलेले नाहीत. तरीही दीड लाखाचे काम प्रत्येक घराला हवे असते असे नाही. कोबा घट्ट असेल, ढाळ बरोबर असेल आणि भेग फक्त कठड्याच्या बुडाशी असेल, तर तेवढाच सांधा नीट करून भागते. अशा वेळी चाळीस हजारही जास्त. मोठे काम गळ्यात मारणारे ठेकेदार थोडे नाहीत.

एका बाबतीत मात्र तडजोड करू नये : जुन्या कोब्यावर नवा कोबा. ब्रिकबॅट कोब्याचा चार इंचांचा थर हजार चौरस फुटांवर सुमारे सतरा-अठरा टन वजन टाकतो, म्हणजे दर चौरस मीटरला एकशे नव्वद किलोच्या आसपास. वावर असलेल्या गच्चीसाठी माणसे, सामान वगैरेचा भार म्हणून भारतीय मानकात धरला जातो तो दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो. एक जादा कोबा चढवला की ती सारी सोय त्याच्याच पोटात जाते, आणि वर पाण्याची टाकी, पापड-कुरडयांची वर्दळ व लग्नाचा मांडव उरतोच. फोडण्याचे पैसे वाचवून स्लॅबवर टाकलेला हा भार धाब्याच्या मातीसारखाच आहे.

ढाळ हा खर्चातील सर्वांत दुर्लक्षित भाग. दर दहा फुटांना किमान सव्वा इंच उतार हवा. जळगाव-धुळ्याकडे वर्षाकाठी सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस होतो; हजार फुटांच्या गच्चीवर त्याचे साठ हजार लिटरच्या आसपास पाणी पडते. ते वाहून गेले तर साधा कोबाही टिकतो, साचले तर महागडा लेपही हरतो. जैन घरांत याला आणखी एक बाजू आहे. पाणी साचले की शेवाळ येते, आणि शेवाळ हे अनंतकाय. एकदा ते धरले की त्यावर पाय देणे नको, खरवडणे नको, आम्ल ओतून जाळणे तर नकोच. मग चातुर्मासभर गच्चीचे दार बंद राहते आणि गळती शोधायलाही वर जाता येत नाही. जयणा पाळायची तर आषाढ शुद्ध चतुर्दशीच्या पुष्कळ आधी गच्ची कोरडी, स्वच्छ व उताराची झालेली असावी.

त्यासाठी ज्येष्ठात धावपळ करण्यात अर्थ नाही. त्या वेळी सगळ्या शहराला मिस्त्री हवा असतो. शिवाय तापलेल्या स्लॅबवर भर दुपारी दिलेला लेप नीट धरत नाही आणि सिमेंटच्या कामाला मारायला नळाचे पाणी पुरत नाही. डागांच्या खुणा श्रावणात, दरपत्रके कार्तिकात, काम माघ-फाल्गुनात, असा क्रम सोयीचा. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे असतील तर हा क्रम अधिकच महत्त्वाचा ठरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट व त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे अनेक घरांवर पॅनेल चढले. पण पॅनेल पंचवीस वर्षांसाठी बसतात. गळक्या गच्चीवर ते बसवले, तर पुढे सांगाडा काढून पुन्हा बसवण्याचा खर्च दुरुस्तीवर येऊन पडतो.

आता खरा कठीण प्रश्न : पैसे कोणी द्यायचे? ‘गळते तुमच्या खोलीत, तेव्हा तुम्हीच करून घ्या, दादा’ असे धाकटा भाऊ उघड म्हणत नाही. तो निर्णय दर दिवाळीला पुढे ढकलतो, इतकेच. छत मात्र वरच्या मजल्याच्या मालकीचे नसते. ते खालच्या दुकानाचेही छत असते, आणि स्लॅबची सळई गंजली तर धोका साऱ्या वास्तूला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट आहे : पावसामुळे होणारी गच्चीची गळती संस्थेने आपल्या खर्चाने थांबवायची, केवळ वरच्या सदनिकेने नव्हे. एकत्र घरालाही तोच न्याय लावावा आणि खर्च ज्याच्या ताब्यात जितके क्षेत्रफळ त्या प्रमाणात वाटावा. दुकानाचा वाटा दुकानातून निघावा. थोरल्यांनी मोठेपणापायी सगळा खर्च एकट्याने उचलणे हेही बरोबर नाही. पुढच्या पिढीत त्याच मोठेपणाचे भांडण होते.

खाली जुना भाडेकरू असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लक्षात घ्यावा. करारात वेगळे ठरलेले नसेल तर जागा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोटीस दिल्यापासून पंधरा दिवसांत मालकाने लक्ष दिले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे भाडे असलेल्या दुकानात हा चौथा हिस्सा एका पोत्या सिमेंटलाही पुरत नाही, ही गोष्ट दोन्ही पक्षांना ठाऊक असते. तेथे समजुतीने वाटणीच करावी लागते.

कराबाबत थोडक्यात. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. पण दुरुस्तीत मजुरी, तोडफोड आणि वाहतूक यांचाच भाग मोठा असल्याने एकूण बिल त्या प्रमाणात उतरत नाही. राहत्या घराच्या दुरुस्तीवरील जीएसटीचा परतावा दुकानाच्या खात्यात घेता येत नाही. दुकान वा गोदामाची दुरुस्ती भांडवली खर्च न धरता चालू खर्चात टाकली असेल, तरच तो विचार करता येतो. वर घर आणि खाली दुकान असेल तर दोन बिले वेगळी घ्यावीत व सनदी लेखापालाला दाखवावीत. घराची गच्ची पेढीच्या नावावर दाखवण्याचा मोह टाळलेला बरा.

ठेकेदाराशी लेखी ठरवताना कामाच्या ओळी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात : फोडणे, मलबा, भेगा, ढाळ, लेपाचे नाव व हात किती, कठड्यावर किती उंच, पाण्याची परीक्षा कोणी करायची. दहा टक्के रक्कम दोन मोठे पाऊस होईपर्यंत राखून ठेवावी. चांगला ठेकेदार याला नाही म्हणत नाही. काम चालू असताना, थर झाकले जाण्यापूर्वी, फोटो काढावेत. ते फोटो, डब्यावरील नाव व तारीख आणि बिल हे सारे घराच्या खरेदीखताच्या फायलीतच ठेवावे, कारण पंधरा वर्षांनी वर चढणारा नवा मिस्त्री पहिला प्रश्न हाच विचारणार आहे की, या कोब्याखाली काय आहे.