कारागिराचे नाव काय?

हिवाळा आला की महाराष्ट्रात हस्तकलेच्या जत्रा भरू लागतात. पुण्यात भीमथडी, मुंबईत महालक्ष्मी सरस आणि जिल्ह्याच्या गावी मैदानात मांडव घालून भरणारी लहानमोठी प्रदर्शने. आपण सहकुटुंब जातो, थालीपीठ खातो, एखादी पिशवी किंवा मातीचे भांडे घेऊन परततो. पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, "हे प्रदर्शनातून आणले." कुणाकडून आणले, हे मात्र सांगता येत नाही, कारण ते विचारलेलेच नसते.

माझे म्हणणे असे की, हाताने घडवलेली वस्तू घेताना ती घडवणाऱ्याचे नाव विचारलेच पाहिजे. त्या नावाशी त्याची मजुरी, त्याचा मान आणि त्याच्या मुलांचे भवितव्य बांधलेले आहे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, तेव्हा महाराष्ट्रात केवढा संताप झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, तरीही तिचा उल्लेख नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. राग रास्तच होता. पण त्या सगळ्या गदारोळात कोल्हापूरचे नाव गाजले, चामडे कमावणाऱ्या आणि चप्पल शिवणाऱ्या माणसांची नावे कितीशा लोकांच्या तोंडी आली? परदेशी कंपनीकडून आपण ज्या उल्लेखाची अपेक्षा करतो, तो आपल्या गावच्या मांडवात आपण करतो का?

यंदा आमच्या शहरातल्या प्रदर्शनात मी दोनदा गेले. एका बाईंनी हाताने शिवलेल्या गोधड्या मांडल्या होत्या. किंमत बावीसशे. माझ्यासमोर एक गिऱ्हाईक म्हणाले, "जुन्या कपड्यांचीच ना? हजारात द्या." बाई हसून नाही म्हणाल्या. ते गेल्यावर मी हिशेब विचारला. अस्तर, दोरा आणि थोडे नवे कापड मिळून पाचशे रुपये. घरचे आवरून रोज दुपारी चार-पाच तास टाके घालायचे, असे पंचवीस दिवस. म्हणजे बावीसशे मिळाले तर दिवसाला अडुसष्ट रुपये आणि हजारात दिली तर वीस. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्यांचे काम अर्ध्या दिवसाचे धरले, तरी त्या निम्म्या मजुरीच्याही निम्म्यावर होत्या. प्रवासाचा खर्च तर यात धरलेलाच नाही.

ही एकट्या बाईंची गोष्ट नाही. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त स्त्रिया आहेत आणि सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे उत्पन्न महिना पाच हजारांच्या आत आहे. मॉलमध्ये छापील किंमत निमूट देणारे आपण, घासाघीस कुणाशी करतो, ते या आकड्यांवरून लक्षात येईल.

कुणी म्हणेल, शिक्षकाच्या पगारात बावीसशेची गोधडी परवडते का? दर वेळी नाही परवडत. यंत्रावरची स्वस्त चादर गरिबाच्या घराची गरज आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण परवडत नसेल तर न घेणे हा अपमान नाही. "सुंदर आहे, सध्या जमणार नाही" एवढे म्हणून पुढे जाता येते. अर्ध्या किमतीला मागणे म्हणजे मात्र समोरच्याच्या पंचवीस दुपारी फुकटच्या समजणे होय.

दुसरी शंका फसवणुकीची. हातमाग म्हणून यंत्रमागाचा माल विकणारे असतातच. त्यावरही नाव विचारणे हाच चांगला उपाय आहे. औरंगाबादच्या हिमरूचेच घ्या. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या विणकरांनी ही कला इथे रुजवली, असे सांगितले जाते. सोन्याचांदीच्या तारांच्या किनखाबासारखे दिसणारे, पण सूत आणि रेशमाचे, त्यामुळे आवाक्यातले कापड. हिमरूच्या ठेल्यावर मी विचारले, "चाचा, हे कोण विणतं?" त्यांनी शाल उलटी केली, मागे मोकळे सुटलेले रेशमाचे धागे दाखवले, नक्षी कशी उचलतात ते बोटांनी करून दाखवले. अर्धा तास बोलले. शेवटी म्हणाले, "आपा, लोगां दाम पूछते, नाम कोई नहीं पूछता." ज्याने वस्तू केली, तो अशा प्रश्नाने खुलतो. ज्याने घाऊक बाजारातून आणली, तो विषय बदलतो.

आता माझ्या वर्गाविषयी. मी उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या हजेरीपटावर मोमीन, शिकलगार, मन्यार, पिंजारी, अत्तार अशी आडनावे आहेत. ही आडनावे म्हणजे हुन्नरांची यादीच. 'सैकल' म्हणजे झिलई. हत्यारांना झिलई देणारा तो शिकलगार. मिरजेच्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारे सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली. त्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मराठीलाही कारागीर, रेशीम, जर, कशिदा, गालिचा, शाल हे शब्द फारसीने दिले, आणि ते आले बाजारातून, कारखान्यातून, कष्ट करणाऱ्यांच्या तोंडून.

पण मुलांना याचा अभिमान नाही. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात जरीकाम करणाऱ्याचा मुलगा 'मजुरी' लिहितो. मी त्याला दोष देत नाही. बापाच्या बोटांतली कला बाजाराने मजुरीच्याही खालच्या दराने घेतली, तर पोराने तिला दुसरे काय म्हणावे? उद्या तो मागावर बसणार नाही. त्याने बसावेच, असा आग्रह मी कोणत्या तोंडाने धरू? बापाचा धंदा मुलावर लादणे म्हणजे पुन्हा जातीचीच बेडी. त्याने हवे ते शिकावे. पण कला सोडलीच, तर ती स्वतःच्या निवडीने सोडावी, लाजेने नव्हे.

बी.एड.ला आम्ही वर्धा शिक्षण योजना परीक्षेपुरती पाठ केली होती. १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला परिषद झाली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना शाळा आणि स्थानिक कारागिरांकडे अनुभव घेण्याविषयी सांगते. तरतूद कागदावर आहे. ती वर्गात आणायची तर गावातल्या विणकराला, कुंभाराला, गोधडी शिवणाऱ्या बाईंना शाळेत बोलवा. फळ्यावर पाहुण्याचे पूर्ण नाव लिहा, खुर्ची द्या आणि मानधनही द्या. ज्या मुलाचा बाप त्या दिवशी फळ्यासमोर उभा असेल, तो पुढच्या फॉर्मवर काय लिहितो, ते पाहा.

आणि तुम्ही शिक्षक नसाल, तरी प्रदर्शनात जालच. मुलांना बरोबर न्या. दामाच्या आधी तीन गोष्टी विचारायला सांगा: तुमचे नाव काय, गाव कोणते, हे करायला किती दिवस लागले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकल्यावर किंमत कमी करायला सांगण्याची इच्छा बहुधा उरणार नाही. वस्तू घेतलीत तर त्या माणसाचे नाव आणि फोन नंबर वहीत लिहून ठेवा. पुढच्या ईदला, दिवाळीला किंवा लग्नाच्या आहेराला लागेल ते थेट त्याच्याकडून मागवता येईल. प्रदर्शन चार दिवसांत उठते, पण कारागिराला बाराही महिने गिऱ्हाईक लागते.