वर्तनामागील वेदना ओळखा

तिन्हीसांजेची वेळ झाली की वृद्धाश्रमातील एखादी आजी अस्वस्थ होते. घरी जाऊन तुळशीपुढे दिवा लावायचा आहे, असे म्हणत ती दाराकडे धावते. अडविले तर ओरडते, बोचकारते. मग दाराला कडी, हाताला पट्टा किंवा झोपेची गोळी, हेच उपाय सेविकेला सुचतात. आम्ही दोष सेविकेला देत नाही. तिला कोणी काही शिकविलेलेच नसते.

स्मृतिभ्रंशात शब्द हरपतात, गरजा हरपत नाहीत. ओरडण्यामागे पुष्कळदा दुखरा सांधा असतो, बद्धकोष्ठ असते, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतो. स्नानाला नकार देणारे आजोबा हट्टीच असतात असे नव्हे; परक्या हाताने वस्त्रे उतरविली जाण्याची त्यांना लाज वाटत असेल. समोरून जावे, नावाने हाक मारावी, वाद न घालता घराविषयी चार शब्द बोलावे, प्रसंग केव्हा व कशानंतर घडला याची नोंद ठेवावी. या गोष्टी शिकविता येतात. गोळीचा मार्ग निर्धोक नाही. मनोविकारावरील काही औषधांनी अशा वृद्धांच्या मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने २००५ सालीच दिला होता.

गोमंतकाला हा प्रश्न परका नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ११.२ टक्के, म्हणजे केरळच्या खालोखाल होते. शिक्षणाचे मोलही येथेच दिसून आले आहे. उत्तर गोव्यातील ८१ कुटुंबांचा समावेश असलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर नसलेल्या साध्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठविले होते. रुग्णांचे वर्तन फारसे पालटले नाही; पण शुश्रूषा करणाऱ्या आप्तांचा मानसिक ताण लक्षणीय उतरला. ज्याचा ताण उतरतो त्याचा हात सहसा उगारला जात नाही. घरी जे साधले ते आश्रमात का साधू नये?

ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्याने वृद्धाश्रमांचे दंडक ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला आहे. कर्मचाऱ्यांचे सवेतन प्रशिक्षण हा त्यातील पहिला दंडक असावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. रंगविलेल्या भिंती आणि सणासुदीला वाटलेली फळे यांनी आश्रम चांगला ठरत नाही. तिन्हीसांजेला दाराकडे धावणाऱ्या आजीचा हात तेथे कोण धरतो आणि कसा धरतो, यावरूनच त्याची पारख व्हावी.