दोन किनाऱ्यांमधला सडा वाचवू या

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग आपल्या सायकलवाल्यांचा लाडका. पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-नाशिकचे ग्रुप थंडी पडली की गोव्याच्या दिशेने निघतात. वाटेत काय बघायचं ते आधीच ठरलेलं असतं: हरिहरेश्वरचे लाटांनी कोरलेले खडक, हेदवीची बामणघळ, आरे-वारेचं वळण, कुणकेश्वर. दाभोळला फेरीबोटीत सायकली चढवायच्या, खाडी ओलांडायची, पुन्हा घाटी चढायची. वर पोचलं की लांबच लांब उघडा कातळ लागतो. सावली नाही, चहाची टपरी नाही. मग आपण मान खाली घालतो आणि पुढचा समुद्र गाठेपर्यंत पेडल मारत राहतो.

हा कातळ म्हणजे कोकणचा सडा. आपण थांबतो त्या किनाऱ्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. सडा मात्र आपल्या डोळ्यांदेखत तुकड्यातुकड्याने जातो आहे, आणि त्याच्यासाठी बोलणारे फार थोडे आहेत.

रस्त्याच्या कडेला नीट बघा. रत्नागिरी, राजापूर, देवगड या भागांत जिथे सलग पठार होतं, तिथे चिरेखाणींचे चौकोनी खड्डे दिसतात. कुठे सुरुंग लावून कातळ फोडलाय, बाहेरून माती आणून कलमं लावलीत. कुठे प्लॉट पाडून कुंपणं घातलीत. उन्हाळ्यात वणवे लागतात. यात कुणी एक दोषी नाही. चिरा आपल्याच घरांना लागतो, आंबा आपणच पेटीने मागवतो आणि समुद्र दिसणारा प्लॉट आपल्यातलाच कुणीतरी घेतो. म्हणूनच हा प्रश्नही आपला आहे.

सडा ओसाड वाटतो, कारण आपण चुकीच्या ऋतूत येतो. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, जांभा काळवंडलेला असतो. हाच सडा जूनमध्ये बघा. पहिल्या पावसांनंतर दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही वनस्पती फक्त कोकणातल्या अशा कातळांवरच वाढते. जगात दुसरीकडे कुठेही नाही! श्रावण-भाद्रपदात तर पठारावर निळ्या, जांभळ्या, पांढऱ्या रंगांचे पट्टे पसरतात. सीतेची आसवं, गेंद, कवला, तेरडा. बोटभर मातीत, साचलेल्या पाण्यात ही झाडं चार महिन्यांत आयुष्य उरकतात. सीतेच्या आसवांची निळी फुलं नाजूक दिसतात, पण मातीत पोषण नाही म्हणून हे झाड पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. तिथल्याच तेरड्याची गौर कोकणातल्या कितीतरी घरांत बसते.

आणि पाणी! इथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला काही सड्याच्या भेगांतून, जांभ्याच्या छिद्रांतून आत मुरतो आणि खालच्या वाडीतल्या झऱ्याला, विहिरीला येऊन मिळतो. वरचं पठार फोडलं की ही वाट विस्कटते. मे महिन्यात ज्या वाडीच्या विहिरीवर आपण बाटल्या भरून घेतो, तिचं पाणी कुठून येतं याचा विचार त्या वेळी मनात येतच नाही.

याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रं कोरून ठेवली आहेत. कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती आहेत. उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमाळ: कशेळीसह ही नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ही चित्रं जमिनीलगत असल्यामुळे जवळ उभं राहूनही पटकन दिसत नाहीत. जेसीबीच्या चालकाला तर नाहीच दिसत.

मग वाचवायचं कसं? कागदोपत्री अशा जमिनीची नोंद बहुतेकदा पडीक किंवा पोटखराबा अशी असते. ज्याला कागदावर मोल नाही, त्याच्यासाठी आधी डोळे लागतात. ते आपल्याकडे आहेत. गाडीतून जाणाऱ्याला सडा पाच मिनिटांत संपतो, आपल्याला तासभर पुरतो. नवी खाण, ताजा रस्ता, करपलेला पट्टा, हे सगळं आपल्याला दिसतं. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांचंच उदाहरण घ्या. पक्ष्यांच्या छंदापायी रत्नागिरीचे सडे हिंडणारी ही माणसं गावोगाव गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारत फिरली आणि त्यातून हजाराहून अधिक कातळशिल्पं उजेडात आली. त्यांनी कुठल्या सरकारी फर्मानाची वाट पाहिली नाही.

आपण निदान एवढं तरी करूच शकतो. सड्यावर दहा मिनिटं थांबू. जे दिसेल त्याचे फोटो तारीख आणि जागेसह आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकू. एकाच वाटेवरून दर वर्षी जाणाऱ्या ग्रुपने हे चार-पाच वर्षं केलं, तर पठारात काय बदललं याचा पुरावा तयार होतो. सायकल रस्त्यावरच ठेवू, फुलांत उतरवू नये. कातळशिल्पावर पाय देऊ नये, रेघा उठाव्यात म्हणून खडू फिरवू नये. शिल्प बघायला गावातलाच वाटाड्या घेऊ, जेवण गावातल्या घरी करू. पठार शाबूत ठेवून चार पैसे मिळतात हे दिसलं, तर ते राखायला गाव स्वतःच उभं राहील. हा माझा भाबडेपणा नाही. वेळास गावच्या लोकांनी समुद्री कासवांची घरटी राखून ते करून दाखवलं आहे.

मात्र गर्दी करायची नाही. साताऱ्याच्या कास पठारावर शुल्क लावावं लागलं, पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. कोकणच्या सड्यांवर ती वेळ आणू नये. लहान ग्रुप, मधल्या वारी.

आणि आपल्यातले जे मूळचे कोकणातले आहेत, त्यांच्याकडे तर मोठी किल्ली आहे. सड्याच्या सामायिक सातबाऱ्यावर मुंबईतल्या चाकरमान्यांची नावं असतात. विक्रीचा कागद समोर आला तर सही करण्याआधी भावकीला एकत्र बसवा. खाली कुणाच्या विहिरी आहेत, वर काय उगवतं, कुठे चित्रं कोरलेली आहेत, ते आधी बघून घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावच्या नोंदवहीत सडा आहे का, हे ग्रामसभेत विचारा. नसेल तर लिहून घ्यायला लावा. याच कायद्याखाली एखादं पठार जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करता येतं, आणि त्यासाठी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावा लागतो. म्हणजे सुरुवात गावातूनही होऊ शकते.

गणपतीला तुम्ही गावी जाणारच आहात. त्याच दिवसांत सडा फुललेला असतो. यंदा सायकल एसटीच्या टपावर टाकून बरोबर न्या, घरातल्या पोरांना घेऊन एका सकाळी वर जा, आणि गावातल्या जुन्या माणसाला सोबत चला म्हणा. कुठल्या पाणवठ्यावर गुरं जायची, कुठल्या खळग्यात भात व्हायचं, कुठे "जुनी चित्रं" आहेत, हे त्याला ठाऊक असतं. ते वहीत टिपा. परतल्यावर ती वही ग्रुपच्या पुढच्या मीटिंगला आणा. हिवाळ्यातल्या राईडचा नकाशा त्या दिवशी तिच्यावरून आखू.