परदेशातून फॅक्स पाठवायचाय? तार गेली, फॅक्स राहिला!

मागच्या वर्षी म्युनिकमध्ये असताना मी आयुष्यातला पहिला फॅक्स पाठवला. रोजचं काम क्लाउड सर्व्हरचं, आणि अडकले कुठे, तर फॅक्सपाशी!

झालं असं, की अमेरिकेत एमएस करताना उघडलेलं बँक खातं अजून चालू होतं. तो देश सोडल्यावर बँकेला 'डब्ल्यू-८ बेन' नावाचा फॉर्म द्यावा लागतो. 'करासाठी मी परदेशी आहे' असं त्यात सही करून सांगायचं असतं. तो दिला नाही तर व्याजातून २४ टक्के कर कापला जाऊ शकतो. बँकेचं पत्र आलं: फॉर्म आणि पासपोर्टची प्रत पोस्टाने किंवा फॅक्सने पाठवा, ईमेल चालणार नाही. मुदतीला उरले होते सहा दिवस. म्हणजे पोस्टाचा प्रश्नच मिटला.

घरच्या राउटरमध्ये फॅक्सची सोय होती. पहिल्यांदा नंबरच लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, पण पहिल्या पानाच्या मध्येच कॉल तुटला. तिसऱ्यांदाही तेच. मग फुकटात फॅक्स पाठवून देणारी एक वेबसाइट सापडली. फाइल अपलोड करणार, तेवढ्यात लक्षात आलं, की यात माझं नाव, पत्ता, जन्मतारीख, कर क्रमांक आणि पासपोर्ट आहे. ही साइट चालवतं कोण, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. तिथे थांबले आणि आधी हा प्रकार नीट समजून घेतला.

कॉल मध्येच का तुटतो?

आज वापरात असलेलं 'ग्रुप ३' फॅक्सचं तंत्र १९८० मध्ये ठरलं. पानाचे काळे-पांढरे ठिपके करायचे, त्या ठिपक्यांचे आवाज करायचे आणि ते आवाज फोनच्या तारेवरून पाठवायचे. समोरचं मशीन तो आवाज ऐकून पुन्हा पान तयार करतं.

पण आता ती तार राहिलेली नाही. जर्मनीत जुनी आयएसडीएन लाइन जाऊन फोन इंटरनेटवर आले, आणि ब्रिटनने जुनं टेलिफोन जाळं बंद करायला जानेवारी २०२७ ही मुदत ठेवली आहे. इंटरनेट कॉलमध्ये आवाजाचे छोटे छोटे तुकडे होऊन जातात. एखादा तुकडा हरवला तरी आपल्या कानाला कळतही नाही. फॅक्सचं मात्र तेवढ्यानेही बिनसतं. यावर 'टी.३८' नावाचा उपाय आहे, पण तो वाटेतल्या प्रत्येक कंपनीच्या यंत्रणेत असावा लागतो. देशाबाहेरचा कॉल तीन-चार कंपन्यांच्या हातून जातो, त्यामुळे गावातला फॅक्स पोचतो आणि समुद्रापलीकडचा अडकतो.

सरकारांनाही तो नकोय

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला, म्हणजे एनएचएसला, जानेवारी २०१९ पासून नवी फॅक्स मशीन घ्यायला बंदी झाली. जपानमध्ये २०२१ मध्ये मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कार्यालयांतून फॅक्स काढायचं ठरवलं, तर खात्यांकडूनच शेकडो हरकती आल्या. त्याच वर्षी जर्मनीतल्या ब्रेमेन राज्याच्या डेटा संरक्षण कार्यालयाने सांगितलं, की फॅक्सची सुरक्षितता आता साध्या, कुलूप नसलेल्या ईमेलएवढीच आहे. तरीही 'बिटकॉम' या उद्योग संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत ८२ टक्के जर्मन कंपन्या फॅक्स वापरत होत्या.

हे फक्त परदेशात राहणाऱ्यांचं दुखणं आहे असंही नाही. पुण्यात बसून अमेरिकेत कंपनी काढणाऱ्याला तिथला कर क्रमांक ऑनलाइन मिळत नाही. त्याला फोन, पोस्ट किंवा फॅक्स यातलंच काहीतरी निवडावं लागतं.

मग फॅक्स जात का नाही?

माझ्या मते याचं कारण तंत्रज्ञानात नाही, नियमांत आहे. अनेक ठिकाणचे नियम तारेच्या काळात लिहिले गेले. तेव्हा फॅक्स म्हणजे दोन मशीनमधला थेट कॉल होता, मध्ये कुठे प्रत उरत नव्हती. तार गेली, नियम तसाच राहिला. आता तुम्ही वेबसाइटवर पीडीएफ चढवता, तिचा सर्व्हर कॉल लावतो, बँकेचा सर्व्हर तो उचलतो आणि पुन्हा पीडीएफ बनवतो. वाटेत किती प्रती राहिल्या, कुणालाच माहीत नाही. बँकेच्या वहीत 'ईमेल घेतला नाही' ही नोंद स्वच्छ राहते. पासपोर्ट अनोळखी सर्व्हरवर पडला, तर निस्तरायचं मात्र तुम्ही.

पाठवायचाच असेल तर

* आधी विचारा: बँकेच्या लॉगिनमध्ये कागद अपलोड करायची सोय आहे का? पत्रात छापलेली नसते, पण विचारल्यावर कधी कधी निघते.
* नंबर तपासा: अमेरिकेतले ८०० किंवा ८८८ ने सुरू होणारे टोल-फ्री नंबर बाहेरून बरेचदा लागत नाहीत. माझा पहिला फॅक्स यानेच अडला. साधा एरिया कोडवाला नंबर मागून घ्या आणि पुढे +१ लावा.
* पानाचा आकार: आपला ए४ कागद २९७ मिमी उंच, अमेरिकी लेटर २७९ मिमी. तळाशी केलेली सही कापली जाऊ शकते. पीडीएफ लेटर आकारात करा.
* स्कॅन: फॅक्सला राखाडी रंग कळत नाही. पासपोर्टचा रंगीत फोटो तसाच पाठवलात तर काळा डाग पोचेल. ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन करा आणि 'फाइन' दर्जा निवडा.
* सेवा निवडताना: पैसे द्यावे लागले तरी चालेल, पण कंपनीचं नाव-पत्ता, फाइल किती दिवस ठेवतात आणि ती स्वतः पुसता येते का, हे बघा. पहिल्या पानावर, म्हणजे कव्हरवर, खाते क्रमांक लिहू नका.
* पोचपावती: रिपोर्टमधल्या 'ओके'चा अर्थ एवढाच, की समोरच्या मशीनने पानं घेतली. ती वाचता येतात की नाही, हे फोन करूनच कळतं.

मी शेवटी पैसे देऊन एक सेवा घेतली, दोन पानं पाठवली, फाइल पुसली आणि बँकेत फोन लावला. पलीकडच्या बाईंनी दोन मिनिटं शोधलं आणि म्हणाल्या, "हो, तुमची पीडीएफ माझ्या इनबॉक्समध्ये आली आहे." त्यांच्याकडे फॅक्स मशीनच नव्हतं!

कर कापला गेला नाही. पण हा फॉर्म साधारण तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. मुदतीच्या दोन महिने आधीची आठवण मी आत्ताच फोनमध्ये लावून ठेवली आहे. तेवढ्या वेळात पोस्टाने पाठवता येईल.