बाळाची वेगळी खोली : केव्हा आणि कुणासाठी?



क्षमावाणीच्या दिवशी मी सुनेला हात जोडून म्हटलं, "कळत-नकळत काही बोलले असेन तर क्षमा कर." तीही वाकून म्हणाली, "आई, मलाही क्षमा करा." आणि दुसऱ्याच रात्री दीड वाजता आम्ही दोघी तिच्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये उभ्या राहून, मुलगा जागा होऊ नये म्हणून दबक्या आवाजात भांडत होतो.

कारण होतं सात महिन्यांची माझी नात. आम्ही दोघं इतवारीतल्या जुन्या घरात राहतो, मुलगा-सून मनीषनगरला. फ्लॅट सजवणाऱ्यानं बाळ जन्मायच्या आधीच एक खोली 'किड्स रूम' म्हणून रंगवून दिली होती. भिंतीवर ढग, छताला चांदण्या, कठड्याचा लाकडी पलंग आणि कोपऱ्यात कॅमेरा. सुनेची रजा संपली, ती मिहानमधल्या नोकरीवर परत गेली आणि त्याच आठवड्यात नातीचा पलंग त्या खोलीत गेला.

दशलक्षण पर्व संपवून मी चार दिवस राहायला गेले, तर रात्री हे दृश्य. पलीकडे लेकरू रडतंय आणि सून पलंगाच्या काठावर बसून मोबाईलवर त्याचं रडणं बघतेय. पाच मिनिटं थांबायचं, मग जायचं, थोपटायचं, उचलायचं नाही, परत यायचं. बोस्टनच्या डॉ. रिचर्ड फर्बर यांनी १९८५ साली पुस्तक लिहून लोकप्रिय केलेली ही पद्धत, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी सरळ आत गेले आणि नातीला उचललं.

"आई, ठेवा तिला खाली."

"आपल्यात असं नसतं बेटा. लेकरू आईच्या कुशीत झोपतं."

त्यावर ती जे म्हणाली ते ऐकून मी गप्प झाले. "मागच्या गुरुवारी मी वर्धा रोडच्या सिग्नलवर गाडीवर बसल्या बसल्या झोपले, आई. पाय खाली टेकलेले होते म्हणून पडले नाही. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा जाग आली."

त्या रात्री नात माझ्याजवळ झोपली. मला काही झोप लागली नाही. 'आपल्यात असं नसतं' हे वाक्य मी किती सहज बोलून गेले होते! खरंच नसतं का?

माझी गोष्ट सांगते. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश नोंदले गेले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात कोण कुठं झोपणार हे कूलर ठरवायचा. मधल्या खोलीच्या खिडकीला खसाच्या ताट्यांचा एकच मोठा कूलर. त्याच्या वाऱ्यात सासूबाई, नणंदा, मी आणि लेकरं ओळीनं, पुरुष गच्चीवर. माझा थोरला दोन वर्षांचा होईपर्यंत माझ्या कुशीत होता. धाकटा पोटात आला आणि सातव्या महिन्यात सासूबाईंनी एका रात्री थोरल्याची उशी उचलून आपल्या गादीवर ठेवली. कुणी मला विचारलं नाही. तीन-चार रात्री तो रडला, मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग तो आजीच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून झोपायला लागला आणि पुढं चौथी-पाचवीपर्यंत तिथंच झोपला. आज विचारलं तर म्हणतो, "मी तर लहानपणापासून आजीजवळच झोपायचो." माझ्याजवळच्या दोन वर्षांच्या रात्री त्याला आठवत नाहीत. आठवणारच नाहीत, हे कळतं. तरी लागतं.

म्हणजे आपल्याकडेही लेकरू आईपासून वेगळं होत होतंच. फक्त ते दुसऱ्या खोलीत जात नव्हतं, दुसऱ्या माणसाकडे जात होतं. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे. सुनेच्या फ्लॅटमध्ये खोली आहे, माणूस नाही. आणि आपण सासवा फोनवरून कुशीचे गोडवे गातो, पण रात्री दीड वाजता उठायला तिथं नसतो.

आता डॉक्टर काय म्हणतात ते. आपला समज असा, की अमेरिकेत पहिल्या दिवसापासून बाळ वेगळ्या खोलीत. पुष्कळ घरांत तसं असेलही, पण तिथल्या बालरोगतज्ज्ञांची अकादमी तसं सांगत नाही. २०१६ च्या त्यांच्या सूचनांत होतं, की बाळ निदान सहा महिने आणि जमल्यास वर्षभर आईवडिलांच्या खोलीत असावं. २०२२ च्या सुधारित सूचनांत निदान सहा महिने. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवाही पहिले सहा महिने एकाच खोलीत ठेवा म्हणते. कारण झोपेत अचानक होणारे बालमृत्यू बहुतेक याच काळात होतात. मात्र खोली एक, अंथरूण वेगळं, असं अकादमीचं सांगणं आहे. बाळ उताणं, गादी टणक, वर्षभर उशी नाही, दुलई नाही. इथं माझी सून बरोबर होती. डोकं गोल व्हावं म्हणून मी शिवून नेलेली मोहरीची उशी तिनं गोड बोलून कपाटात ठेवून दिली, तेव्हा मला राग आला होता.

आईजवळच झोपवण्याच्या बाजूनं बोलणारे शास्त्रज्ञही आहेत. नोत्र दाम विद्यापीठाचे जेम्स मकेन्ना यांनी अंगावर पिणारं बाळ आणि आई यांच्या एकत्र झोपेचा अनेक वर्षं अभ्यास केला. पण तेही मऊ गादी, सोफा, घरातली सिगारेट यांपासून सावध करतात. (आपल्या घरांत व्यसन नसतं असं आपण म्हणतो. खर्ऱ्याबद्दल मी नागपुरात पैज लावणार नाही.) आणि फर्बर यांनीसुद्धा २००६ च्या आवृत्तीत एकत्र झोपण्याला आधीइतका विरोध ठेवला नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. २०१७ साली पेनसिल्व्हेनियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांची होईपर्यंत वेगळ्या खोलीत गेलेली मुलं अडीच वर्षांची झाल्यावर रात्री सुमारे ४५ मिनिटं जास्त झोपत होती. तेव्हा वेगळी खोली म्हणजे आईचा निष्ठुरपणा, हे आपण बोलणं सोडलं पाहिजे. भीती असते ती दोन्हीकडे. नॉर्वेतल्या बंगाली कुटुंबाचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. २०११ मध्ये तिथल्या बालकल्याण खात्यानं दोन लहान मुलं ताब्यात घेतली. आईवडिलांनी सांगितलेल्या आक्षेपांत हातानं भरवणं आणि मुलाला आपल्या पलंगावर झोपवणं हेही होतं. खात्यानं संस्कृतीतला फरक हे कारण असल्याचं नाकारलं. त्यावरचा राणी मुखर्जीचा सिनेमा २०२३ मध्ये आपण मंडळातल्या बायकांनी एकत्र जाऊन पाहिला आणि डोळे पुसत बाहेर आलो. तेव्हा मला वाटलं होतं, परक्यांना आपलं कळत नाही. पॅसेजमध्ये उभी असताना सुनेला माझ्याबद्दल नेमकं हेच वाटलं असेल.

मग माझं मत काय? सहा महिने तर प्रश्नच नाही, बाळ त्याच खोलीत. पण त्यानंतरची जी तारीख आपण धरतो, ती फार वाईट पडते. २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यानं बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. बाळ सहा महिन्यांचं होता होता आई कामावर जाते. आणि 'आता सहा महिने झाले' म्हणून नेमका त्याच वेळी पलंगही हलतो. म्हणजे एका आठवड्यात बाळाची दिवसाची आईही जाते आणि रात्रीचीही. त्यात सात-आठ महिन्यांचं बाळ आई दिसेनाशी झाली की घाबरायला लागतं, हे वयच तसं असतं. दोन्ही गोष्टी एकदम करू नका. आई कामावर रुळू द्या, दिवसा सांभाळणाऱ्या माणसाची बाळाला सवय होऊ द्या, मग खोलीचं बघा. दुसरं बाळ येणार असेल तर थोरल्याला चार-सहा महिने आधी हलवा, सातव्या महिन्यात नाही. त्याला वाटतं आपल्याला काढून टाकलं. आणि नागपुरात वैशाखात तर काहीच हलवू नका. जिथं कूलर तिथं सगळे.

आपल्याजवळ एक गोष्ट तयार आहे, तिचा उपयोग आपण करत नाही. सूर्यास्ताआधी जेवण झालं की घर लवकर शांत होतं. बाळाला साडेसात-आठला निजवायला यापेक्षा सोयीचं वेळापत्रक कुठलं? पण सून येते साडेसातला. तिला दिवसभरानंतर लेकराचं तोंड पाहायचं असतं. तिला घाई कर म्हणायची माझी हिंमत नाही.

आणखी एक बोलते, रागावू नका. कितीतरी घरांत बाळ आईच्या कुशीत राहतं आणि बाबा हॉलमधल्या दिवाणावर जातो. महिन्याभरासाठी गेलेला तीन-तीन वर्षं तिथंच. याला आपण संस्कार म्हणतो आणि पुढं नवरा-बायकोत बोलणं का उरलं नाही, असा प्रश्न विचारतो. लेकराची खोली ठरवताना या दोघांचीही खोली ठरत असते.

आमच्या शेजारच्या श्वेतांबर ताईंकडून पर्युषणात कल्पसूत्रातला प्रसंग ऐकला होता. आपल्या दिगंबर परंपरेत तो नाही. आईला त्रास नको म्हणून महावीर गर्भात हालायचेच थांबले. त्रिशलामाता घाबरल्या, शोक करू लागल्या, तेव्हा ते पुन्हा हलले. सुनेला मोबाईलवर बोटांनी चित्र मोठं करून लेकीचा श्वास चालू आहे का बघताना पाहिलं, की मला तो प्रसंग आठवतो. लेकरू रडलं तर आई दमते, गप्प राहिलं तर मरते.

आता नात दहा महिन्यांची झाली आहे. भांडणाच्या दुसऱ्या सकाळी चहा घेता घेता आमचा तह झाला. पलंग परत त्यांच्या खोलीत गेला, कठड्याची एक बाजू काढून आईच्या पलंगाला लावला. आठवड्यातून तीन रात्री मी मनीषनगरला येते आणि ढगांच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून तिला घेऊन झोपते. इतवारीत ह्यांना दूध स्वतः तापवावं लागतं, त्याची तक्रार असते. सून त्या तीन रात्री सलग झोपते. दोन वर्षांची झाली की कायमचं त्या खोलीत, असं ठरलंय. बघू.

परवा रात्री नात उठली, चाचपडत माझा पदर सापडला, तो मुठीत धरून पुन्हा झोपली. मी मान वळवली तर दारात अंधारात सून उभी. तिच्या हक्काची झोपेची रात्र.

"झोप नाही का आली?" मी विचारलं.

"आली होती."

मी गादीवर थोडी सरकले.