लिंबोळीचा साबण पाथर्डीतच व्हावा

बचत गटांच्या प्रशिक्षणात साबण आणि फिनेल हे विषय हमखास असतात. दोन-तीन दिवसांत बायका ॲसिड स्लरीत सोडा, मीठ, रंग आणि वास मिसळून भांडी घासायचे लिक्विड करायला शिकतात. तयार अर्कात पाणी घालून पांढरे फिनेल बनवतात. त्यातून चार पैसे मिळतात, हे चांगलेच. पण स्लरी पेट्रोलियमपासून बनते आणि बाहेरूनच विकत आणावी लागते. अशा बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहिणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

पाथर्डी तालुक्यात खरा कच्चा माल बांधाबांधावर उभा आहे: कडुलिंब. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पहिल्या पावसात लिंबोळ्यांचा सडा पडतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तोवर गावी परतलेली असतात आणि त्यांच्या हाताला काम नसते. लिंबोळीची पोती व्यापाऱ्याला विकण्यापेक्षा इथेच तेल काढले, तर तेलाचा साबण होतो आणि पेंड शेताला जाते. हा विचार नवा नाही. खादी ग्रामोद्योग आयोगात अखाद्य तेल व साबण उद्योगाचे स्वतंत्र संचालनालय होते, सी. एम. केतकरांचे कडुलिंबाच्या उपयोगावरचे पुस्तक १९७६ मध्ये तिथूनच निघाले.

मात्र साबण अंदाजाने होत नाही. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, लिंबोळी तेलाला १४० ग्रॅमच्या आसपास. प्रमाण जास्त झाले की वडी कातडी जाळते. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचा, त्यावर पाणी ओतायचे नाही. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. घरोघरी असलेले ॲल्युमिनियमचे पातेले इथे चालत नाही, कारण कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टीलचे भांडे घ्यावे. वडी कापल्यावर चार ते सहा आठवडे सुकवावी लागते. जूनमध्ये तेल काढले, तर तालुक्यातल्या मोहटादेवीच्या नवरात्र यात्रेपर्यंत माल तयार होतो.

दुसरी अडचण पाण्याची. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, त्यात तेलाचा साबणही फेस देत नाही. पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि कपड्यावर राखाडी चिकटा बसतो. आधी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकला की हा त्रास बराच कमी होतो. बाईने वडीबरोबर ही माहिती दिली, तर गिऱ्हाईक परत येईल.

अंगाचा साबण विक्रीसाठी बनवायला सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनाचा परवाना लागतो. म्हणून गटांनी सुरुवात कपड्यांच्या साबणापासून करावी.

घरगुती सफाईच्या नावाखाली मोबाइलवर फिरणाऱ्या कृतींबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. लिंबाचा रस आणि खायचा सोडा एकत्र केला की फसफस होते, पण दोघेही एकमेकांचा जोर मारतात. वेगवेगळे वापरले तर उपयोगी. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड मात्र कधीच एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. प्रशिक्षणाचा पहिला तास यावरच खर्च व्हावा.

पंचायत समितीने आणि बचत गटांना कर्ज देणाऱ्या बँकांनी यंदा एका गावात तेलघाणी, ग्रॅममध्ये मोजणारा काटा आणि साबण सुकवायला हवेशीर खोली एवढे द्यावे. लिंबोळी बायका गोळा करतातच.