पुढच्या दुर्बिणीचे आरसे कोण घडवणार?

श्रीहरिकोटाहून रॉकेट उडालं की आपल्या स्टेटसवर तिरंगा चढतो. चढायलाच हवा. पण २८ सप्टेंबर २०१५ ला पीएसएलव्ही-सी३० वरून ‘ॲस्ट्रोसॅट’ अवकाशात गेला, तेव्हा त्यातल्या एका दुर्बिणीत मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये घडवलेले ३२० आरसे होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहितीये?

आरसा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो आरसा इथे चालत नाही. क्ष-किरण सरळ आदळला तर परत फिरत नाही, आत शिरतो आणि जिरतो. पृष्ठभागाला अगदी चाटून, साधारण एका अंशाच्या आत गेला, तरच तो वळतो. तळ्यावर चपटा दगड आडवा भिरकावून भाकऱ्या मारल्या असतील तर हे लगेच कळेल. तोच दगड वरून टाका, डुबुक! म्हणून क्ष-किरण दुर्बिणीचा आरसा नळीसारखा असतो. ही रचना जर्मनीच्या हान्स वोल्टर यांनी १९५२ मध्ये मांडली, तीही सूक्ष्मदर्शकासाठी. ती आकाशाकडे वळवायची कल्पना रिकार्डो जियाकोनी आणि ब्रुनो रॉसी यांची, १९६० ची.

आता गोची अशी की नळी समोरून पाहिली तर दिसते फक्त तिची कड. प्रकाश गोळा होणार तो तेवढ्याच कडेवर, आणि या किरणांचे फोटॉन तर अक्षरशः एकेक मोजावे लागतात. मग एका नळीत दुसरी, दुसरीत तिसरी, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी. इथे डिझाइन करणाऱ्याला निवड करावीच लागते. जाड काच घासून-पुसून चकचकीत केली तर चित्र भन्नाट तीक्ष्ण येतं, पण वजन वाढतं आणि पापुद्रे थोडेच बसतात. नासाच्या ‘चंद्रा’ दुर्बिणीत अशा फक्त ४ जोड्या आहेत, आणि ती अर्ध्या आर्कसेकंदाचा तपशील टिपते. ॲस्ट्रोसॅटच्या ‘सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप’मध्ये पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सोन्याचा थर दिलाय, एकात एक असे ४० पापुद्रे. तिचा ठिपका काही आर्कमिनिटांचा. म्हणजे चंद्राच्या तुलनेत पार धूसर.

मला ही धूसर दुर्बीण आवडते. ॲस्ट्रोसॅटला सुंदर फोटो काढायचे नव्हतेच. कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याचा वायू गिळतं, तेव्हा त्याची चमक क्षणाक्षणाला बदलते. ती अतिनील प्रकाशात आणि वेगवेगळ्या ऊर्जेच्या क्ष-किरणांत एकाच वेळी पाहायची, हा मूळ हेतू. कशासाठी बघायचंय हे आधी ठरलं, म्हणून दीड टनाच्या उपग्रहात पाच उपकरणं मावली.

माझी तक्रार पुढची आहे. ॲस्ट्रोसॅट पाच वर्षांसाठी बांधला होता, तो त्याहून कितीतरी जास्त टिकला. १ जानेवारी २०२४ ला गेलेला ‘एक्सपोसॅट’ क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजतो, उत्तम काम आहे, पण त्यात असे आरसे नाहीत. आयआयटी मुंबईच्या पुढाकारातला ‘दक्ष’ प्रस्ताव आकाशातले अचानक होणारे स्फोट पकडण्यासाठी आहे. मग आरशांचं काय? ॲस्ट्रोसॅटला मंजुरी २००४ ची, उड्डाण २०१५ चं. चंद्राचा प्रस्ताव १९७६ चा, उड्डाण १९९९ चं. अगदी आज होकार मिळाला तरी आता एसवायला असलेली मुलगी तोवर तिशीत पोचेल. आणि आरसे घडवणं हे पेपर वाचून येत नाही. गुळगुळीत काचेवर सोन्याचा थर द्यायचा, तो चिकटवून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उतरवायचा, मग असे शेकडो पत्रे एकमेकांच्या आत नेमक्या कोनात बसवायचे. हे हातात मुरणारं काम आहे. मध्ये पंधरा-वीस वर्षं गेली की ते हात निवृत्त होतात.

‘एवढे पैसे कुठून आणायचे’ हा प्रश्न येणारच. मोठा उपग्रह लगेच नकोच म्हणा, पण छोटे आरसे तर करत राहू. अमेरिकेत ‘फॉक्सी’ नावाचा प्रयोग २०१२ पासून साउंडिंग रॉकेटवर असे आरसे पाठवतोय, त्यावर विद्यापीठातली मुलं काम करतात. रॉकेट काही मिनिटंच वर असतं, तेवढ्यात सूर्य बघून घ्यायचा! आपल्याकडे थुंबा आहे, साउंडिंग रॉकेट आहेत.

जपानची गोष्ट तर थरारक आहे. क्ष-किरणांची ऊर्जा अतिशीत तापमानात मोजणारं एक उपकरण त्यांना हवं होतं. २००० मध्ये रॉकेटच फसलं. २००५ मध्ये उपग्रह पोचला, पण थंडावा देणारं द्रवरूप हेलियम काही आठवड्यांत उडून गेलं. २०१६ मध्ये ‘हितोमी’ महिन्याभरातच गरगर फिरून तुटला. २०२३ मध्ये ‘क्रिझम’ गेला, त्याचंही उपकरणापुढचं एक झाकण उघडलं नाही. तरी तो झाकणातून मिळतील त्या किरणांवर झकास काम करतोय. चौथ्यांदा जमलं, कारण मधल्या काळात बनवणारे हात रिकामे बसले नव्हते.

ॲस्ट्रोसॅटचा डेटा आज इस्रोच्या संग्रहात कुणालाही खुला आहे. एसवायची ती मुलगी नांदेडमध्ये बसून लॅपटॉपवर कृष्णविवराचा आलेख काढू शकते. आरसा बनवायला शिकायचं तर कुठे अर्ज करायचा, हे मात्र तिला तिच्या कॉलेजातलं कुणी सांगू शकणार नाही.